एकच कोट असलेला हेर

जून २४, मंगळवार

वही हरिताने आणून दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर माझ्यामागे जे सांगत फिरतेस ते यात लिही, म्हणजे माझा अभ्यास होईल. हरिता म्हणजे माझी नात, साईरामची मुलगी. आईबाप दुबईला, ती इथे तंजावुरात माझ्याजवळ राहून इंजिनेरी शिकते. मराठी तिला सगळं कळतं, बोल म्हटलं की तमिळ सुरू. अक्षर तर एक ओळखत नाही. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. पण आजोबांनी पोथी वाचता यावी म्हणून मला बाळबोध गिरवायला लावलं होतं. तेव्हा हे लिहिलेलं या घरात मीच वाचणार. हेरांचं असतं तसं.

हेर कुठून आले ते सांगत्ये. गुडघा बदलल्यापासून मी खुर्चीत बसून. हरिताने तिचा टॅब समोर उभा केला आणि विचारलं, काय बघणार. मी म्हटलं, लग्न झाल्यावर आम्ही बघायचो ते हेरांचे सिनेमे लाव. ते मोठे, जगभर गाजलेले नव्हेत हो. ते आमच्या टॉकीजला यायला वर्ष उलटायचं. त्यांची नक्कल करून युरोपातल्या लोकांनी घाईघाईने काढलेले असायचे ते. हिरोला एकच कोट. समुद्रातून बाहेर आला तरी इस्त्रीचा. कड्यावरून उडी मारतो तेव्हा खाली पडते ती कापडी बाहुली, पाय काठीसारखे ताठ. एका सिनेमात जी गाडी दरीत पडून जळते तीच दुसऱ्या सिनेमात पुन्हा पडून जळते. दुष्टाचा गुप्त कारखाना म्हणजे कुणाच्या तरी तळघरात लग्नाच्या मांडवाचे दिवे लावलेले. तरी अशी भीती वाटायची की मी यांचा हात सोडत नसे.

तेव्हाही इंग्रजी कळत नव्हतं, आत्ताही नाही. तेव्हा हे कानाशी मराठीत गोष्ट सांगायचे. पुढच्या रांगेतला वळून डोळे वटारायचा. हे म्हणायचे, वटारू दे, त्याला काय कळतंय. तंजावुरात आमची मराठी म्हणजे अशीच. भर बाजारात बांगडीवाल्यासमोर भाव पाडायचं ठरवा, पाहुण्यासमोर पाहुण्याची नक्कल करा, कुणाला पत्ता नाही. हेरांना केवढाली यंत्रं लागतात. आम्ही ते आईच्या दुधाबरोबर घेऊन आलो.

जुलै १, मंगळवार

आज पांढरे हातमोजे घालणाऱ्या दुष्टाचा सिनेमा बघितला. हरिता शेजारी बसून इंग्रजीचं सांगत होती, पण ती लक्ष देऊन ऐकत नाही असं दिसतं. यांनी सांगितलेली गोष्ट मला पाठ आहे. त्यात हेराची म्हातारी आई गावी असते आणि तो तिच्यासाठी परत निघालेला असतो. हरिता म्हणते, आई कुठेच नाही. मी म्हटलं, असेल, तू नीट बघ.

वरच्या खोलीबद्दल लिहायचं राहिलं. भाडेकरू आल्ये, भुवना नाव, तमिळ मुलगी, तिशीची. जवळच्या एका शाळेत शिकवते. बोलायला गोड, मला मामी म्हणते. पण मला तिचा संशय येतो. या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. आत काहीतरी यंत्र नाहीतर टोळीची खूण असणार. फोन दोन. खिडकीला पडदा, तो कधी सरकत नाही. पुढचं दार सोडून मागच्या लोखंडी जिन्याने चढते. आणि काल माझ्या कुकरची शिट्टी झाली तर हातातली वाटी पाडली. हेर असेल तर शिकवण कच्ची आहे.

परवा सांबार घेऊन आली. तेवढ्यात अक्काचा फोन. विजयलक्ष्मी अक्का माझी थोरली बहीण, पापनाशमला असते. दोघींना ऐकू कमी, म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकून हातभर लांब धरायचा. मी मुलीकडे बघून हसत मराठीत म्हटलं, अक्का, सांबार आणलंय पोरीने, रंग सुरेख, पण मीठ म्हणजे नागपट्टणचा समुद्र. आज परत आणलं तर मीठ अगदी बेताचं. न सांगता कसं ओळखलं कोण जाणे. हेरच.

जुलै ५, शनिवार

संध्याकाळ झाली की वरून काहीतरी ओढल्याचा आवाज येतो. आज नव्या गुडघ्याने जिन्याच्या पाच पायऱ्या चढून ऐकलं. ट्रंक ओढून दाराला लावते. आतून. कुणाला अडवायला? अंगावर काटा आला. खोटं कशाला लिहू, मजाही वाटली. यांच्या शेजारी टॉकीजमध्ये बसल्यासारखं झालं.

अक्काला सांगितलं. ती म्हणाली, अंबे, तुला काम नाही.

जुलै १५, मंगळवार, दुपार

आज माझी उलटतपासणी झाली आणि मी दाद लागू दिली नाही.

एक माणूस आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, नाव वेंकटरमण म्हणाला. तमिळ अगदी स्वच्छ. कुरिअरवाला आहे, भुवना नावाच्या बाईचं पार्सल आहे, गल्ली कळली पण घर कळत नाही. हातात पार्सल काही दिसलं नाही. मी लगेच सावध. म्हटलं, अशी कुणी इथे राहत नाही. वर कोण राहतं? वर माझी नात अभ्यास करते. तो पाणी मागून ओट्यावर बसला. मी कॉफीच दिली. सिनेमात दुष्ट माणूस घरी आला की त्याला प्यायला देतात, मग बोलणं चालतं.

तेवढ्यात अक्काचा फोन. तंजावुरातलं मराठी घर न् घर मला ठाऊक. राहिलेत किती, बाकी मद्रासला नाहीतर अमेरिकेला. हा त्यातला नव्हे. तेव्हा त्याच्यासमोरच, लोणच्याबद्दल बोलत असल्यासारखा चेहरा करून मी म्हटलं, "अक्का, समोर एक येऊन बसलाय. वरच्या पोरीला शोधतोय. मी सांगितलं, नाहीच इथे. ती शाळेतनं आली की मागच्या जिन्याने चढते, ह्याला जन्मात दिसायची नाही. आणि नाक म्हणशील तर भरताचं वांगं."

अक्का हसली. त्या माणसाचा हात नाकाकडे गेला. कॉफीची वाफ लागली असेल.

मग त्याने काही विचारलंच नाही. कॉफी फार छान म्हणाला, पेला स्वतः नळाखाली विसळून ठेवला आणि गेला. पार्सलसाठी फोन नंबरसुद्धा दिला नाही. बहुधा विसरला.

हे असते तर किती हसले असते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

काय केलं मी हे.

भुवना आज डोकं दुखतं म्हणून दुपारीच परतून वर निजली होती. मला ठाऊक नव्हतं. खाली सुंठ मागायला आली तेव्हा मी सगळं रंगवून सांगितलं. नाकाचं सांगितलं आणि तिने दाराची चौकट धरली. विचारलं, तुम्ही त्याच्यासमोर काय बोललात मामी? मी म्हटलं, काही नाही गं, अक्काशी दोन शब्द, तेही आमच्या मराठीत.

ती खाली बसली. आणि मराठीत बोलली. थोडं तमिळ वळणाचं, पण शब्द न् शब्द आमचा.

"मामी, त्याच्या घरी मराठीच बोलतात. मला त्याच्या आईनेच शिकवली."

त्याचं नाव वेंकटरमण नाही, गुरुराज. कोयंबतूरला असतो, मूळचे आपलेच लोक. तिचा नवरा. तिने एक बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. टोळीची खूण नव्हती. मी काय पाहिलं ते या वहीत लिहिणार नाही.

मागे ती एकदा पळाली होती. तेव्हा तिकडच्या एका चौकीत दोघांना समोरासमोर बसवून समजूत घातली आणि त्याच्याबरोबर परत पाठवलं. आता तिरुच्चीच्या वकीलबाईंनी तिच्या संरक्षणासाठी अर्ज केलाय. सोमवारी कोर्टात तिने उभं राहायचं. ती उभी राहिली नाही तर अर्ज गेला, मग तो तिला नेणार आणि या वेळी ती परत यायची नाही, असं ती सांगत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी विचारलं, मग आमच्याच गल्लीत कशाला आलीस बाई. म्हणाली, तो माझ्या माहेरी शोधेल, मैत्रिणींकडे शोधेल, त्याच्याच माणसांत मी राहीन असं त्याच्या डोक्यात यायचं नाही. शाळेच्या कार्यक्रमाचा फोटो कुणीतरी फोनवर टाकला, त्यात ती मागे उभी. त्यावरून त्याने शाळा काढली, शाळेवरून गल्ली. घर राहिलं होतं. घर मी सांगितलं. जिनासुद्धा.

इतके दिवस मी तिच्यासमोर अक्काला जे जे म्हटलं ते तिला कळत होतं. सांबाराचं, टोळीचं, सगळं. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही मला हेर म्हणत होता, मला गंमत वाटायची. त्या भाषेत कुणी हसत बोलतं हे मी विसरले होते."

जुलै १६, बुधवार

भुवना शाळेत गेली नाही. आजारी असल्याचं कळवलं.

गल्लीच्या तोंडाला पांढरी गाडी उभी आहे. आत तो आणि आणखी एक जण. मागची गल्लीही त्याच कोपऱ्यावर येऊन मिळते, त्यामुळे कुठूनही निघालं तरी गाडीपुढूनच जावं लागतं. गाडीत बसून नुसती वाट बघतात. मी दारात कोलमची रांगोळी काढायला बाहेर गेल्ये आणि ठिपके चुकले. साठ वर्षांत चुकले नव्हते.

सिनेमातली भीती पोटात गुदगुल्या करते. ही आली की ताटातला भात तसाच राहतो. दुधवाल्याने हाक मारली तर मी दाराला कडी घातली.

हरिताने मदतीच्या नंबरावर फोन केला, वकीलबाईंशी बोलली. त्यांचं म्हणणं, शुक्रवारी दुपारपर्यंत तिला माझ्याकडे आणून सोडा, पुढचं मी बघते, पण तो मागे लागता कामा नये. फोन ठेवून हरिता माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आजी, मी आहे ना." मराठीत. एवढं सरळ वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ऐकून आणखीच घाबरल्ये. पोरगी घाबरल्याशिवाय मराठी बोलायची नाही.

जुलै १७, गुरुवार

आज देवीचा आडी महिना लागला. सगळ्या देवळांचे भोंगे सुरू.

तो आला. केळी आणि सफरचंदं घेऊन. ओट्यावर बसला आणि खुशाल सांगायला लागला की भुवना त्याची बहीण आहे, डोक्यावर परिणाम झालाय, आई रडून रडून अंथरुणाला खिळलीय. सगळं तमिळमध्ये. मी ऐकत्ये आणि मनात, मेल्या, तुझी आई तुला कुठल्या भाषेत जेवायला हाक मारते ते मला ठाऊक आहे. पण तोंडावरची माशी हलू दिली नाही. मला पाटी, म्हणजे आजी, म्हणत बोलला, "पाटी, तुम्ही थोर माणसं. उद्या परत येतो. कुणीतरी खरं सांगेलच." हसत म्हणाला. त्याचं हसणं फार चांगलं आहे, त्यामुळेच मला घाम फुटला.

तो गेल्यावर फळं गाईला घातली. मग खुर्चीत बसून राहिल्ये आणि हे आठवले. त्या हातमोजेवाल्याच्या सिनेमात यांनी सांगितलं होतं. दुष्टाला हेरांची सांकेतिक भाषा फुटते. हेराला ते कळतं. मग तो ती भाषा टाकून देतो का? नाही. त्याच भाषेत खोटी बातमी पाठवतो, आणि दुष्ट उलट्या दिशेला धावतो. मी तेव्हा यांना म्हटलं होतं, केवढा हुशार. हे म्हणाले होते, हुशार कसला, घरी जायची घाई होती त्याला.

गुरुराजला मराठी येते हे मला कळलंय. पण मला कळलंय हे त्याला कळलेलं नाही.

हरिताला सांगितलं, भुवनाला सांगितलं. अक्काला नाही. अक्काच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि लहानपणी चोर-पोलीस खेळताना लपल्यावर सगळ्यात आधी फिसकन हसायची ती हीच. तिला आधी सांगावं तर ती उद्या नाटक करणार, आणि न सांगावं तर भलतंच बोलून बसणार. काय करू कळत नाही. देवापुढे बसल्ये, तर काय मागावं तेही सुचत नाही.

जुलै १८, शुक्रवार

आता बसून नीट लिहित्ये, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळपासून मारियम्मनच्या देवळाचा भोंगा चाललेला. वर भुवना हरिताची जीन्स घालून, डोक्यावर हेल्मेट घालून ट्रंकेवर बसलेली. मागे हरिताची स्कूटर. गाडी कोपऱ्यावरून हलली की निघायचं.

तो आला, ओट्यावर बसला. मी कॉफी ठेवली आणि त्याच्यासमोर फोन लावला. आवाज मोठा. पलीकडून अक्का, "काय गं, आत्ता तर बोललीस."

आता ही पुढे काय बोलेल याचा नेम नाही. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"विजयलक्ष्मी, ऐक."

थोरल्या बहिणीला नावाने हाक. बोलायला लागल्यापासून मी कधी मारली नाही. आमच्यात भांडणात, तापात, शुद्ध हरपली तरी कुणी मारत नाही. जीभ भाजल्यासारखी झाली. भोंग्यावरचं गाणं तेवढं चाललेलं. मला वाटलं, संपलं. आता ही ओरडणार, अंबे, वेड लागलं का, थोरलीला नावाने हाक मारतेस.

मग अक्का म्हणाली, "सांगा अंबाबाई."

सांगा. अंबाबाई. मला अंबी, अंबट, कार्टे याखेरीज कधी काही न म्हणालेली बाई. माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते पदराने टिपायचं कसं, समोर तो. मी चेहरा लोणच्याचाच ठेवला आणि म्हटलं, "तो परत येऊन बसलाय. बसू दे. पाहुणीला पहाटेच, गाडीतले दोघे घोरत असताना, मागल्या दाराने काढली. कुंभकोणमच्या बसमध्ये बसवून दिली. तुमच्या गावावरून जाईल, पण उतरायची नाही. पुढे मद्रासची गाडी धरणार."

मला धाकधूक होती की तो अक्काचं घर गाठेल. ते अक्कालाही सुचलं असावं. म्हणाली, "नकाच उतरवू. आमच्याकडे आडीची पूजा आहे, गल्लीभर बायका न् पोलिसातला जावई आलाय जेवायला." अक्काला जावई नाही. मुलगीच नाही.

त्याने घड्याळ बघितलं. कॉफी अर्धी टाकून उठला, येतो पाटी म्हणाला आणि कोलम तुडवत गेला. गाडीचं दार आपटलं. मी उंबऱ्यातून बघितलं, गाडी कुंभकोणम रस्त्याकडे वळली. तिरुच्ची बरोबर उलट्या दिशेला.

मागून स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं. मागे बसायच्या आधी भुवना आत आली, हेल्मेटसकट माझ्या पाया पडली, हेल्मेट माझ्या नव्या गुडघ्यावर आपटलं. दोघी हसलो. मग निघाल्या.

हरिता स्टेशनावरून आगगाडीतही तिच्याबरोबर गेली. वकीलबाईंच्या हाती दिल्याचा फोन येईपर्यंत मी देवासमोर बसल्ये नव्हत्ये. दारामागे उभी होत्ये, हातात लाटणं.

जुलै १९, शनिवार

तो परत आला. या वेळी ओट्यावर बसला नाही. पायरीखाली उभा राहिला आणि पहिल्यांदा मराठीत बोलला. भाषा सुंदर. माझ्या वडिलांसारखी.

"अंबाबाई, आधी अक्का म्हणत होता. काल एकदम नावाने? मला पापनाशमच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं."

दाराचा अडसर धरून उभी राहिल्ये. आत हरिता होती, तिला येऊ नकोस म्हणून मागे हात केला.

तो म्हणाला, "आपल्याच माणसांनी आपल्याच माणसाचं घर मोडायचं?"

या वयात कुणी पुरुषाने मला आपलं म्हटलं की मी पाट मांडत्ये. आमचे उरलेत किती. आणि मी त्याला तमिळमध्ये सांगितलं, तुम्ही काय बोलता मला कळत नाही. ही कुठली भाषा? त्याने पुन्हा मराठीत विचारलं. मी पुन्हा तमिळमध्ये, मोठ्याने, कळत नाही. तो एक पायरी चढला. मी आणखी मोठ्याने, भोंग्यासारखी. समोरच्या वरलक्ष्मीमामी बाहेर आल्या, मोगरेवाली टोपली घेऊन थांबली, सायकलवाला थांबला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, हे कोण ते मला ठाऊक नाही, हे माझ्याशी परक्या भाषेत बोलतायत, मला भीती वाटते.

शेवटचं तेवढं खरं होतं.

वरलक्ष्मीमामींनी त्याला नाव-गाव विचारायला सुरुवात केली. मोगरेवालीने फोन काढून त्याच्यापुढे धरला. तो गेला.

आईची भाषा मी दारात उभं राहून नाकारली. स्वयंपाकघरात जाऊन बसल्ये. मग अक्काचा फोन. म्हणाली, "काल मला वाटलं, अंबी मेली आणि तिचा फोन घेऊन कुणी दुसरीच बोलतेय. परत नावाने हाक मारशील तर याद राख." मी म्हटलं, अक्का. ती म्हणाली, हां. मी परत म्हटलं, अक्का. ती म्हणाली, पुरे आता, रस्सम उतू जातोय.

जुलै २२, मंगळवार

काल ती कोर्टात उभी राहिली. हरिता म्हणते, त्याने तिच्या जवळपास फिरकायचं नाही असा हुकूम झाला. कागदाने माणूस अडतो का ते मला ठाऊक नाही. मी दाराला दोन्ही कड्या घालत्ये. वरची खोली रिकामी आहे. संध्याकाळी ट्रंक ओढल्याचा आवाज येत नाही, आणि मला तो आला असं वाटून जाग्यावरून उठत्ये.

जुलै २६, शनिवार

पांढऱ्या हातमोजेवाल्याचा सिनेमा परत लावायला सांगितला. मीच हट्ट केला. ती खोट्या बातमीची जागा आली की मला दाखव म्हटलं. यांनी सांगितलेली.

हरिताने थांबवून थांबवून एकेक वाक्य तमिळ करून सांगितलं. या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत होत्ये. सांकेतिक भाषाबिषा काही नाही. खोटी बातमी नाही. हेर दरवाजा लाथेने उघडतो, लग्नाचे दिवे फुटतात, संपलं. आईही नाही. कुठे घरी जायची घाईही नाही. शेवटी हॉटेलात एका बाईबरोबर बसतो, त्याच कोटात.

मी विचारलं, म्हणजे सगळंच? हरिता म्हणाली, आजी, आजोबांना इंग्रजी येत होतं का?

मी विचार केला. यांना रेल्वेच्या पावतीवरचं इंग्रजी वाचता येत होतं. बोललेलं कळायचं असं मी कधी बघितलं नाही. चार वर्षं दर शनिवारी अंधारात माझ्या कानाशी तोंड नेऊन हे स्वतःच काहीतरी रचत होते, आणि मी तो सिनेमा समजत होत्ये.

टॅब बंद करायला सांगितला. परत लाव म्हटलं. आवाज बंद करून बघितला. तसाच चांगला आहे.

ऑगस्ट ८, शुक्रवार

समोर वरलक्ष्मीमामींकडे वरलक्ष्मीची पूजा. मी कडेला खुर्चीत बसल्ये होत्ये. बायका गच्च, अर्ध्या आमच्या, अर्ध्या तमिळ, बोलणं असं की भोंगा बरा. फोन वाजला. अनोळखी नंबर.

हल्ली अनोळखी नंबर आला की मी आधी दाराच्या कड्या बघत्ये. गेल्या आठवड्यात दोनदा आला, उचलला तर पलीकडे नुसता श्वास. हरिताला सांगितलं नाही. आजही वाटलं, न उचलावा. मग उठून मागच्या अंगणात गेल्ये, विहिरीपाशी. कोण आहे ते आधी बघितलं. कुणी नव्हतं, एक मांजर. मग जन्मात पहिल्यांदा मोठा आवाज बंद केला आणि फोन कानाला घट्ट लावला.

कुणी नाव सांगितलं नाही. कुठून ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बाईचा आवाज, आमची मराठी, जराशी तमिळ वळणाची.

"मामी, आज मीठ बेताचं पडलंय."

मी मांजराकडे बघितलं. मग हळूच म्हटलं, "मग पोटभर जेव."